सोलापूर: माणसाला पोलिसांनी नेलं, पण कुठल्या ठाण्यात ते कळत नाही. शोध कुठून सुरू करायचा?

सुनंदा_एमआयडीसी, बुधवार, सकाळी १०.४०

शेजारच्या मावशींच्या मुलासाठी विचारते आहे. वय २३, टॉवेल कारखान्यात कामाला. काल, मंगळवारी रात्री साडेनऊच्या सुमारास अशोक चौकाजवळून साध्या कपड्यातल्या दोघांनी त्याला गाडीत बसवून नेलं, असं तिथल्या पानटपरीवाल्यानं सांगितलं. फोन बंद आहे. मावशी रात्रीच एका ठाण्यात जाऊन आल्या, "असा कुणी इथं आणलेला नाही" एवढंच उत्तर मिळालं. मुलाला फिट्सचा त्रास आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी लागते. काल रात्रीची आणि आज सकाळची दोन्ही चुकल्या आहेत.

आता एकेक ठाणं हिंडत बसायचं का? नाव ऑनलाइन कुठं दिसतं का? आणि पोलीस "नाही" म्हणाले तर पुढं काय करायचं? मावशींना वाचता येतं, पण अर्ज कसा लिहायचा ते माहीत नाही. जाणकारांनी कृपया नीट सांगावं.

---

फौजदारी_वकील_सोलापूर, बुधवार, सकाळी ११.०५

सुनंदाताई, गोळीची गोष्ट सगळ्यात आधी. औषधाची चिठ्ठी, न फोडलेली स्ट्रिप, मुलाच्या आधारची झेरॉक्स आणि एक फोटो एका पिशवीत घालून ती मावशींच्या हातात द्या. पुढं जिथं जिथं जाल तिथं हा मुद्दा पहिल्या वाक्यात सांगा आणि अर्जातही लिहा. एकदा औषधाचं लेखी दिलं की "आम्हाला माहीत नव्हतं" असं कुणालाही म्हणता येत नाही.

आता शोध. बहुतेक घरचे इथंच चुकतात: माणूस जिथून उचलला त्या हद्दीचं ठाणं शोधत बसतात. शोधायचं असतं ते ज्या ठाण्यात गुन्हा दाखल आहे ते. अशोक चौकातून नेलं तरी गुन्हा विजापूर नाक्याचा असू शकतो, बार्शीचा असू शकतो, कर्नाटकातल्या इंडीचाही असू शकतो. त्यामुळे जवळच्या ठाण्यानं "इथं नाही" म्हटलं तर ते खरंही असू शकतं.

शहर आयुक्तालयात सात ठाणी आहेत: फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी आणि जोडभावी पेठ. ठाण्याचं डीबी पथक, म्हणजे गुन्हे शोध पथक, वेगळं आणि आयुक्तालयाची गुन्हे शाखा वेगळी. गुन्हे शाखेनं धरलं तर सुरुवातीचे काही तास माणूस शाखेच्या कार्यालयात असतो आणि नंतर गुन्हा असलेल्या ठाण्याच्या ताब्यात दिला जातो. या मधल्या वेळेत सातही ठाणी "नाही" म्हणतात.

ग्रामीण पोलीस हे पूर्ण वेगळं दल आहे. त्यांची स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे एलसीबी, शहरातूनही माणसं नेते. ग्रामीण अधीक्षकांचं कार्यालय सोलापूर शहरातच असल्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. शहराच्या नियंत्रण कक्षाला ग्रामीणची अटक माहीत असेलच असं नाही, आणि उलटही तसंच. म्हणून दोन्ही नियंत्रण कक्षांना वेगवेगळा फोन करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात नियंत्रण कक्ष असायला हवा. प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याला अटकेची माहिती ठेवणारा नेमलेला अधिकारीही हवा, तो सहायक उपनिरीक्षकाच्या खालचा चालत नाही. अटक केलेल्यांचं नाव, पत्ता आणि गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात दिसेल असं लावायचं असतं. फोनवर "अटक केलेल्यांच्या माहितीसाठी नेमलेले अधिकारी कोण?" असं नेमकं विचारा. "माझा मुलगा आहे का?" या प्रश्नाला "नाही" म्हणून फोन ठेवता येतो, या प्रश्नाला नाव सांगावं लागतं.

फोन कधी केला, कोण बोललं, काय म्हणालं हे वहीत वेळेसह लिहून ठेवा. पुढं हीच वही उपयोगी पडते.

कलम ४८ प्रमाणे अटक झाल्याबरोबर आरोपी सांगेल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला अटक आणि ठिकाण कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि कुणाला कळवलं त्याची नोंदही ठेवायची असते. प्रत्यक्षात काय होतं? मुलाला घरचा नंबर पाठ नसतो, त्याचा फोन जप्त असतो, तो जुना बंद नंबर सांगतो आणि नोंदीत "नातेवाइकास फोनद्वारे कळविले" असं पडतं. ठाण्यात गेल्यावर कुठल्या नंबरवर कळवलं ते विचारा.

---

निवृत्त_मदतनीस, बुधवार, सकाळी ११.३०

वकीलसाहेबांनी बरोबर सांगितलं. मी ठाण्याच्या टेबलाच्या आतल्या बाजूनं सांगतो.

ठाण्यात गेल्यावर थेट साहेबांच्या केबिनकडं जाऊ नका. आधी ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी जा. सगळ्या नोंदी त्याच्याकडं असतात: स्टेशन डायरी, अटक रजिस्टर, लॉकअप रजिस्टर. "आणलंय का" असं विचारू नका. तीन प्रश्न वेगवेगळे विचारा.

एक, काल रात्रीपासून अटक रजिस्टरला या नावाची नोंद आहे का.

दोन, या नावाच्या माणसाला चौकशीसाठी बोलावल्याची किंवा आणल्याची डायरीला नोंद आहे का.

तीन, तुमचं डीबी पथक काल रात्री अशोक चौकात गेलं होतं का. पथक बाहेर पडताना आणि परत येताना नोंद होते.

पहिल्याला "नाही" आणि दुसऱ्याला गप्प, असं झालं तर समजा की माणूस आहे पण अटक दाखवलेली नाही. "चौकशीला आणलंय, अटक नाही" हे वाक्य कायद्यात कुठं बसत नाही. माणसाला मनाप्रमाणे उठून घरी जाता येत नसेल तर तो ताब्यातच आहे. चौकशीला बोलवायचं तर लेखी नोटीस द्यावी लागते, आरोपीला कलम ३५ ची आणि साक्षीदाराला १७९ ची. बाईमाणसाला, १५ च्या आतल्या मुलाला, ६० च्या वरच्याला, आजारी किंवा अपंग माणसाला साक्षीसाठी घराबाहेर बोलवताच येत नाही.

नाव सांगताना सोलापूरची एक अडचण लक्षात ठेवा. इथं तेलुगू घरात आडनाव आधी लिहितात, कानडी घरात गावाचं नाव मध्येच येतं, शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि घरचं हाक मारायचं नाव आधारवर नसतं. अंमलदार रजिस्टर बघतो ते पूर्ण नावावर. म्हणून कागदावर सगळं लिहून द्या: आधारवरचं नाव, हाकेचं नाव, बापाचं नाव, आडनाव आधी आणि नंतर अशा दोन्ही पद्धतीनं, वय, अंगावरचे कपडे, अंगावरची खूण. "उर्फ" घालून लिहिलं तर शोध पटकन लागतो.

आणि ठाण्याच्या आधी सिव्हिल हॉस्पिटल. अटक झाली की कलम ५३ प्रमाणे वैद्यकीय तपासणी करावी लागते, आणि शहरातली ती बहुधा छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात होते. तिथल्या सिव्हिल पोलीस चौकीत जाऊन काल रात्रीपासून या नावाची काही नोंद आहे का ते विचारा. फिट येऊन कुठं पडला असेल आणि कुणी दाखल केलं असेल, तर तेही तिथंच कळेल. नेताना बघणारा माणूस आहे म्हणून दवाखाना वगळू नका.

पानटपरीच्या आसपास ज्या दुकानाचा कॅमेरा आहे त्याला आजच विनंती करा की कालचं ९ ते १० चं चित्रण वेगळं काढून ठेवा. दुकानाचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, आठ-पंधरा दिवसांत जुनं पुसून वर नवं लिहितो. गाडीचा नंबर मिळाला तर निम्मं काम झालं.

---

सुनंदा_एमआयडीसी, बुधवार, दुपारी १२.१५

दोघांचेही आभार. सिव्हिल चौकीत नोंद नाही. शहर नियंत्रण कक्षात फोन लागला, "तपासून सांगतो" म्हणाले. ग्रामीणचा अजून लागत नाही. दुकानदार चित्रण द्यायला तयार आहे.

अर्ज कसा लिहायचा ते कुणी सांगेल का? आणि एकाच ठाण्यात द्यायचा की सगळीकडं?

---

विधी_स्वयंसेवक, बुधवार, दुपारी १२.४०

ताई, अर्ज साध्या कागदावर हातानं लिहिलेला चालतो. तिकीट, स्टॅम्प, नोटरी काही लागत नाही. हा मजकूर उतरवून घ्या, रिकाम्या जागा भरा:

"प्रति, पोलीस निरीक्षक, ______ पोलीस ठाणे. माझा मुलगा ______ उर्फ ______, वय २३, रा. ______, यास दि. ______ रोजी रात्री ९.३० वा. अशोक चौक, सोलापूर येथून साध्या वेशातील दोन इसमांनी चारचाकी वाहनातून नेले आहे. त्यास आपल्या ठाण्याने अथवा अन्य शाखेने ताब्यात घेतले असल्यास अटकेची तारीख व वेळ, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमे, सध्याचे ठिकाण व कोणत्या न्यायालयात हजर करणार हे मला लेखी कळवावे. ताब्यात घेतले नसल्यास तसे लेखी कळवावे व हा अर्ज मिसिंगची तक्रार म्हणून नोंदवून घ्यावा. मुलास फिट्सचा आजार असून सोबत डॉक्टरांची चिठ्ठी व औषध जोडले आहे. ते त्यास तातडीने देण्यात यावे. सदर ठिकाणचे व आपल्या ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जतन करावे. अर्जदार ______, मोबाईल ______, दि. ______, वेळ ______."

यातलं "नसल्यास मिसिंग म्हणून नोंदवा" हे वाक्य गाळू नका. पोलिसांकडं माणूस असेल तर ते मिसिंग नोंदवायला तयार होत नाहीत आणि बोलायला लागतात. नसेल तर शोध सुरू होतो. मिसिंगसाठी २४ तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे, असा नियम नाही.

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. वेळ नसलेली पोच निम्मीच कामाची. पोच देत नाहीत असं झालं तर भांडत बसू नका. अर्जाचा फोटो काढून शहरासाठी पोलीस आयुक्त आणि ग्रामीणसाठी पोलीस अधीक्षक यांच्या कार्यालयीन ईमेलवर पाठवा, आणि वर टपाल कार्यालयातून स्पीड पोस्ट करा. ईमेलची वेळ आपोआप नोंदली जाते. ११२ ला फोन करून "माझ्या मुलाला अनोळखी लोकांनी नेलं आहे" एवढं सांगितलं तरी त्या फोनची नोंद होते, ती नंतर नाकारता येत नाही.

अर्ज कुठं? अशोक चौक ज्या हद्दीत येतो ते ठाणं, आणि आयुक्तालय. बाकी सहा ठाण्यांत माणूस पाठवण्यापेक्षा फोन करा.

ठाण्यात कॅमेरे लावायचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० ला दिला आहे. चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसेल तिथं किमान एक वर्ष ठेवायचं, असं त्यात आहे. म्हणून अर्जात ती ओळ घातली आहे.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मावशी स्वतःही अर्ज करू शकतात, स्त्रियांनाही उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर १५१००.

---

फौजदारी_वकील_सोलापूर, बुधवार, दुपारी १.००

एक गोष्ट मघाशी राहिली, ती आजच महत्त्वाची आहे. काल रात्री साडेनऊला नेलं असेल तर प्रवासाचा वेळ वगळून आज रात्री साडेनऊच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. संविधानाचं कलम २२ आणि संहितेचं कलम ५८ तेच सांगतं. म्हणून आज दुपारी एक माणूस जिल्हा न्यायालयात बसवा. ठाणी फिरण्यापेक्षा हे जास्त खात्रीचं आहे. रिमांड, म्हणजे कोठडी ठरवायची सुनावणी, बहुधा दुपारच्या सत्रात होतात. आरोपींना आणणाऱ्या गाड्या कुठं थांबतात ते आवारातल्या कुठल्याही वकिलाला विचारा. कोर्टाच्या शिपायाला किंवा बेंच क्लार्कला "आजच्या रिमांडमध्ये हे नाव आहे का" असं विचारता येतं. कोर्ट सुटल्यानंतर आणलं तर न्यायाधीशांच्या निवासस्थानी हजर करतात. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सुट्टीचे दंडाधिकारी नेमलेले असतात.

न्यायाधीशांसमोर आल्यावर मुलानं स्वतः दोन गोष्टी सांगाव्यात किंवा वकिलानं सांगाव्यात: खरी पकडल्याची वेळ आणि फिट्स. पोलिसांच्या कागदावर अटकेची वेळ आज सकाळची दाखवलेली असू शकते. टपरीवाला, चित्रण, तुमचा ११२ चा फोन, अर्जावरची वेळ हे सगळं इथं कामाला येतं. २४ तास मोजायचे ते प्रत्यक्ष पकडल्यापासून.

अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल त्या भाषेत द्यायची, आणि रिमांडला उभं करण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं आहे. तो कागद मुलाकडं आहे का ते वकिलानं पहिल्यांदा विचारावं. मुलाला तेलुगूच नीट येत असेल तर तेही कोर्टाला सांगावं.

---

पंढरपूरकर, बुधवार, दुपारी १.२५

ग्रामीणनं नेलं असेल तर सोलापूरच्या कोर्टात थांबून उपयोग होईलच असं नाही. पंढरपूर, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा, माळशिरस, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, या सगळ्या ठिकाणी आपापली न्यायालयं आहेत आणि रिमांड तिथंच होतो. एलसीबीचं कार्यालय सोलापुरात असलं तरी गुन्हा करमाळ्याचा असेल तर माणूस करमाळ्याला जातो.

आणखी काही दारं लोक विसरतात. सोलापूर आणि कुर्डुवाडीला लोहमार्ग पोलिसांची ठाणी आहेत. ती पुणे लोहमार्ग अधीक्षकांखाली येतात, शहर-ग्रामीण दोन्हींच्या यादीत नसतात. रेल्वे सुरक्षा बल आणखी वेगळं. हातभट्टी किंवा दारूच्या प्रकरणात राज्य उत्पादन शुल्क विभाग स्वतः अटक करतो, आणि माणूस ठेवायला मात्र पोलिसांचं लॉकअप वापरतो. अशा वेळी ठाण्याला गुन्हा माहीत नसतो, पण लॉकअप रजिस्टरला नाव असतं.

परराज्याचे पोलीस आले असतील तर? विजापूर, गुलबर्गा किंवा हैदराबादकडचं पथक साध्या कपड्यात येतं. त्यांनी स्थानिक ठाण्यात येऊन नोंद करणं अपेक्षित आहे, आणि २४ तासांत त्यांच्या कोर्टात पोहोचता येणार नसेल तर इथल्या दंडाधिकाऱ्याकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आपल्या राज्यात नेण्याची परवानगी, घ्यावा लागतो. म्हणून "बाहेरच्या राज्याचं पथक काल मदतीसाठी आलं होतं का" हा प्रश्नही ठाणे अंमलदाराला विचारा.

---

कोर्टआवार, बुधवार, दुपारी २.१०

ऑनलाइनचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर अटक केलेल्यांची यादी आणि प्रसिद्ध केलेले एफआयआर बघता येतात. जिल्हा निवडताना "सोलापूर शहर" आणि "सोलापूर ग्रामीण" हे दोन वेगळे पर्याय आहेत, दोन्ही बघा. तारखेचा टप्पा कालपासून आजपर्यंतचा टाका. एफआयआर साधारण २४ तासांत चढवायचा असतो, अडचण असेल तर ७२ तासांपर्यंत. लैंगिक गुन्हे आणि तसे संवेदनशील गुन्हे चढवत नाहीत. त्यामुळे यादीत नाव नाही म्हणजे अटक नाही, असा अर्थ काढू नका. आज सकाळची अटक आज दुपारी तिथं सहसा दिसत नाही.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर एफआयआर क्रमांकानं शोध आहे: महाराष्ट्र, सोलापूर, न्यायालय संकुल, पोलीस ठाणं, क्रमांक, वर्ष. पण रिमांडच्या टप्प्यावर बऱ्याचदा काहीच दिसत नाही, कारण केस दोषारोपपत्रानंतर नोंदते. जामीन अर्ज मात्र दाखल झाला की दिसतो. नावानं शोधायचं तर इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलून बघा, आणि आडनावाऐवजी नुसत्या पहिल्या नावानंही.

आज रात्रीपर्यंत काहीच कळलं नाही तर सरळ हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढं आणा अशी याचिका, टाका. मुंबईला वकील बघा.

---

फौजदारी_वकील_सोलापूर, बुधवार, दुपारी २.३५

कोर्टआवार, दोन दुरुस्त्या. सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं आता मुंबईला जात नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू आहे आणि सोलापूर त्याच्याखाली येतं. हेबियस कॉर्पस तिथं.

दुसरं, त्याच्या आधी एक जवळचा रस्ता आहे. संहितेच्या कलम १०० खाली इथल्याच दंडाधिकाऱ्याकडं अर्ज करून, बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाचा शोध घेण्यासाठी झडतीचं वॉरंट मागता येतं. त्यासाठी साधारण कुठं ठेवलं आहे याचा अंदाज द्यावा लागतो. अंदाजच नसेल तर कोल्हापूर. दोन्हीकडं कोर्ट पहिला प्रश्न विचारतं तो हा, "तुम्ही पोलिसांना लेखी कधी कळवलं?" म्हणून आजचा अर्ज आणि ईमेल पक्का करून ठेवा.

---

निवृत्त_मदतनीस, बुधवार, दुपारी २.५०

कोर्टात दिसला नाही तरी घाबरू नका, आणखी एक शक्यता आहे. प्रतिबंधात्मक कारवाई. कलम १७० खाली खबरदारी म्हणून धरलं असेल किंवा चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड घेण्याची कारवाई, असेल तर कोर्टाच्या इमारतीत आणत नाहीत, कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढं नेतात. शहरात ते अधिकार सहायक पोलीस आयुक्तांकडं, तालुक्यात तहसीलदारांकडं असतात. सण, मिरवणूक, निवडणुकीच्या दिवसांत हे फार चालतं. तिथंच बाँड लिहून घेऊन सोडतात, जामीनदार नसेल तर जेलला पाठवतात.

एमपीडीए, म्हणजे धोकादायक गुंड वगैरेंना खटल्याविना स्थानबद्ध करायचा राज्याचा कायदा, त्याहून वेगळा. शहरात आयुक्तांचा, ग्रामीणला जिल्हाधिकाऱ्यांचा स्थानबद्धतेचा आदेश असतो, २४ तासांत कोर्टात नेत नाहीत. जेलचं नाव आदेशातच असतं, सोलापूरची माणसं बहुधा येरवड्याला जातात. आदेशाची कारणं पाच दिवसांत द्यावी लागतात.

---

सुनंदा_एमआयडीसी, बुधवार, सायंकाळी ६.२०

सापडला. ग्रामीणच्या एका ठाण्याचा चोरीचा गुन्हा आहे, ग्रामीण नियंत्रण कक्षानं चारला सांगितलं. सव्वापाचला तालुक्याच्या कोर्टात हजर केलं, शुक्रवारपर्यंत पोलीस कोठडी. कागदावर अटक आज पहाटेची आहे. विधी सेवेचे वकील उभे राहिले. त्यांनी वेळेचं आणि फिट्सचं सांगितलं, न्यायाधीशांनी औषध द्यायचा आदेश लिहिला.

अडीच वाजता एक फोन आला होता. "तुमचा मुलगा आमच्याकडं आहे, नाव काढून टाकतो, वीस हजार या नंबरवर पाठवा." मावशी पाठवणारच होत्या. थांबवलं.

आता कोठडीत काय द्यायचं? शुक्रवारनंतर जेल झाली तर कुठं शोधायचं?

---

विधी_स्वयंसेवक, बुधवार, सायंकाळी ६.४५

थांबवलंत ते फार बरं केलंत. तो नंबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, स्क्रीनशॉट ठेवा. अटक झालेल्याचं नाव पैशानं काढता येत नाही, आणि जामिनाची रक्कम कधीच कुणाच्या मोबाईलवर भरत नाहीत, ती कोर्टात पावती घेऊन भरतात. व्हिडिओ कॉलवरची "डिजिटल अटक" तर कायद्यात नाहीच. असा फोन आला तर एकच विचारायचं: गुन्हा रजिस्टर नंबर आणि तपास अधिकाऱ्याचं नाव. मग फोन ठेवून त्या ठाण्याच्या नंबरवर स्वतः लावायचा.

कोठडीत कपडे द्या: दोन जोड, नाडीचा पायजमा नको, इलास्टिकची पँट. पट्टा, दोरा, गमछा, काचेची किंवा धातूची वस्तू घेत नाहीत. औषध एकरकमी महिन्याचं देऊ नका, शुक्रवारपर्यंतचं मोजून द्या, चिठ्ठीची झेरॉक्स आणि कोर्टाच्या आदेशाची प्रत सोबत, आणि दिल्याची पोच घ्या. वकिलाला चौकशीदरम्यान भेटता येतं, पूर्ण वेळ बसता येत नाही.

---

फौजदारी_वकील_सोलापूर, बुधवार, सायंकाळी ७.१०

शुक्रवारी न्यायालयीन कोठडी झाली, लोक एमसीआर म्हणतात ती, तर कोर्ट जेल वॉरंट काढतं आणि जेलचं नाव त्या वॉरंटवर असतं. अंदाज करू नका, वकिलाला तिथल्या तिथं वाचून घ्यायला सांगा. सोलापूर जिल्हा कारागृह असेल किंवा तालुक्याचं दुय्यम कारागृह, म्हणजे सबजेल. गर्दी झाली की जिल्हा कारागृहातून येरवडा किंवा कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात वर्ग करतात आणि घरच्यांना उशिरा कळतं. त्यानंतरच्या तारखांना बऱ्याचदा व्हीसीवर, म्हणजे जेलमधून व्हिडिओवर, हजर करतात. घरचे दिवसभर कोर्टाच्या दारात थांबतात आणि मुलगा दिसतच नाही. तारखेच्या आदल्या दिवशी वकिलाकडून विचारून घ्या.

एमसीआर झाली म्हणजे पुन्हा पोलिसांकडं जाणार नाही, हे आता खरं नाही. नव्या संहितेत पोलीस कोठडीचे एकूण १५ दिवस तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत, घेता येतात. जेलमध्ये भेटायला गेलात आणि "इथं नाही" म्हणाले तर आधी तपास अधिकाऱ्याला विचारा.

भेटीसाठी ई-मुलाकात या जेलभेटीच्या ऑनलाइन सेवेवर नोंदणी होते. त्यात बंद्याचं नाव, वडिलांचं नाव आणि जेल वॉरंटप्रमाणेच टाका, एका अक्षराचा फरक पडला तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. मूळ आधार घेऊन जा. भेटीचे वार आणि वेळा जेलच्या फाटकावर लावलेल्या असतात.

वकीलपत्रावर मुलाची सही शुक्रवारी कोर्टातच घ्या. जेलमध्ये गेल्यावर तीच सही कारागृह अधिकाऱ्याच्या साक्षांकनानं घ्यावी लागते आणि दोन-तीन दिवस जातात.

आणि औषध: पोलीस कोठडीसाठी दिलेला आदेश जेलला आपोआप लागू होत नाही. शुक्रवारी वकिलाला पुन्हा तोंडी सांगायला लावा आणि औषधाचं नाव, मात्रा, वेळा जेल वॉरंटवरच लिहून घ्या. जेलचा डॉक्टर पहिल्या तपासणीला तोच कागद बघतो.

---

सुनंदा_एमआयडीसी, बुधवार, रात्री ९.००

कपडे आणि सहा गोळ्या दिल्या, पोच मिळाली, वेळ ८.२५ लिहून घेतली. संध्याकाळची गोळी आमच्यासमोरच दिली. शुक्रवारी चिठ्ठीच्या तीन झेरॉक्स घेऊन मावशींबरोबर मी जाते.